घरचीं गाणीं कोठें ठेवावीं?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत ज्या घरीं गाणें नाहीं असें घर विरळा. शिमग्यांतलें नमन, गौरीगणपतींतली जाखडी, एकादशीचें भजन, जात्यावरची ओवी, आणि याच जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं उपासनेंत गाइलीं जाणारीं गीतें, असा हा वारसा नानापरींचा आहे. पूर्वीं तो कंठांत राहत असे. पुढें तबकड्यांत व कॅसेटींत गेला. आतां तो मोबाइलांत व संगणकांत येऊन बसला आहे. संग्रह वाढतो, मोबाइल भरतो, आणि मग पालक दुकानांत जाऊन विचारतात कीं, घरच्या राउटरला जोडून ठेवावयाची ती ‘नॅस’ नांवाची साठवणुकीची पेटी कोणत्या कंपनीची घ्यावी? माझें नम्र मत असें आहे कीं, हा प्रश्न योग्य असला तरी तो दुसरा आहे. गाण्याच्या प्रती किती आणि त्या कोठें कोठें, हा पहिला होय.

या मतास इतिहासाचा आधार आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीनें हिंदुस्थानांतील आपलें पहिलें ध्वनिमुद्रण केलें. पुढें रूढ झालेल्या दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे, आणि हातून पडली तर तिचे तुकडे होत. असें असूनहि त्या काळचे पुष्कळ गायक आज आपणांस ऐकावयास मिळतात. याचें कारण तबकडीचा टिकाऊपणा नव्हे. एकाच गाण्याच्या अनेक तबकड्या अनेक घरीं विखुरल्या होत्या, हें होय. एक फुटली तर दुसरी उरली. उलटपक्षीं, २००३ च्या जानेवारींत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली, तेव्हां जाणत्यांनीं जतन केलेल्या फितीहि राख झाल्या. ज्या चित्रपटाची प्रत अन्यत्र होती तो वांचला. ज्याची नव्हती तो गेला.

कोणी म्हणेल, आज महिन्याकाठीं थोडी वर्गणी भरली कीं लाखों गाणीं घरबसल्या ऐकतां येतात. मग संग्रह करावयाचा कशाला? परंतु वर्गणीचें गाणें हें भाड्याचें घर आहे. वर्गणी थांबली, किंवा गाण्याच्या मालकाशीं असलेला कंपनीचा करार संपला, कीं तें आपलें राहत नाहीं. दुसऱ्याच्या कोठाराचा भरंवसाहि बेताचाच. मायस्पेस या एके काळच्या विख्यात संकेतस्थळानें २०१९ सालीं कबूल केलें कीं, २०१५ पर्यंत लोकांनीं तेथें ठेवलेलें पुष्कळसें संगीत सामग्री हलविण्याच्या कामांत नष्ट झालें. आणि आपल्या आजीची ओवी तर कोणत्याच कंपनीच्या कोठारांत नाहीं.

हा धडा मीं किंमत देऊन शिकलों आहें. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मीं मोबाइलवर टिपून घेतल्या होत्या. दुसरी प्रत उद्यां करूं, परवां करूं, असें म्हणतां म्हणतां दोन वर्षें गेलीं. एका आषाढांत होडींतून उतरतांना तो मोबाइल खाडींत पडला. आजी त्यापूर्वींच निवर्तली होती. ओव्यांतले थोडे शब्द आईस आठवतात. आवाज मात्र कोणासहि परत आणतां आला नाहीं.

आतां त्या पेटीविषयीं. तिचा उपयोग खरा आहे. ती घरांत एका जागीं राहते, आणि घरांतील कोणताहि मोबाइल वा संगणक वायफायवरून तिच्यांतील गाणें वाजवूं शकतो. परंतु दुकानांत सुचविली जाते तेवढी मोठी व वेगवान पेटी गाण्यांसाठीं सहसा लागत नाहीं. ती लागते चित्रपटांसाठीं. हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचें एक तासाचें संगीत सुमारें ६३५ मेगाबाइट जागा घेतें. फ्लॅक पद्धतीनें तें आवळलें, तर ध्वनींतील कांहींएक न गमावतां साधारणतः अर्ध्या जागेंत बसतें. एमपी३ पद्धतींत जागा याहूनहि कमी लागते, परंतु ध्वनीचा कांहीं अंश कायमचा गळतो. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर फ्लॅक पद्धतीनें सुमारें तीन हजार तासांचें संगीत राहील. रोज एक तास ऐकूं म्हटलें तरी तें आठ वर्षें पुरेल. मग उगाच अधिक पैसा कां दवडावा?

याहून मोठा गैरसमज दोन डिस्कांच्या पेटीविषयीं आहे. तींत जें एका डिस्कवर लिहिलें जातें तेंच त्या क्षणीं दुसरीवरहि लिहिलें जाईल अशी योजना करतां येते. तीस ‘रेड-१’ म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहतें, हा तिचा गुण. पण लोक तीसच दुसरी प्रत समजतात, ही चूक. आरशांतलें प्रतिबिंब हें दुसरें माणूस नव्हे. चुकून एक फोल्डर पुसला, तर तो दोन्ही डिस्कांवरून एकदम पुसला जातो. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलें, तर दोन्ही डिस्का एकदमच जातात. २०२२ च्या जानेवारींत ‘डेडबोल्ट’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें, क्यूनॅप कंपनीच्या ज्या पेट्या इंटरनेटवर उघड्या राहिल्या होत्या त्यांपैकीं हजारोंच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले. तेथेंहि आरसा कामास आला नाहीं. आपल्या जिल्ह्यास तर हें समजावून सांगण्याची गरज नसावी. ३ जून २०२० चें निसर्ग चक्रीवादळ दापोली-मंडणगडच्या लोकांनीं सोसलें आहे. २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकरांच्या घरांत शिरला होता. पेटींत डिस्क एक आहे कीं दोन, हें त्या पाण्यानें विचारलें नसेल.

तेव्हां माझी सूचना अशी. प्रती तीन असाव्या. पहिली पेटींत. दुसरी साध्या बाह्य हार्ड डिस्कवर. ही डिस्क महिन्यांतून एकदां जोडावी, नवीं गाणीं उतरवून घ्यावीं, आणि पुन्हां काढून कोरड्या कपाटांत ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाहीं, तिला तारेंतून येणारी वीज किंवा दूरचा खंडणीखोर स्पर्श करूं शकत नाहीं. तिसरी प्रत परगांवीं. कोंकणांत अशीं घरें थोडीं कीं ज्यांचें कोणीच मुंबईस वा पुण्यास नाहीं. गणपतीस चाकरमानी घरीं येतात. परततांना त्यांच्या हातीं नवी डिस्क द्यावी, आणि गेल्या वर्षींची त्यांनीं येतांना परत आणावी. पेटी जमिनीवर न ठेवतां उंच व कोरड्या जागीं ठेवावी, तिला यूपीएस असावा, आणि ती इंटरनेटवर उघडी ठेवूं नये. ज्या घरीं पैसा बेताचा आहे, त्या घरानें पेटीचा मोह सोडून दोन साध्या डिस्का घ्याव्या. दोन गांवीं ठेवलेल्या दोन स्वस्त डिस्का एकाच घरांतील उंची पेटीहून अधिक भरंवशाच्या आहेत, असें मी निःशंकपणें सांगतों.

विद्यार्थिमित्रहो, यांतील एक काम असें आहे कीं, तें तुमच्यावांचून व्हावयाचें नाहीं. नुसत्या आंकड्याची फाईल पन्नास वर्षांनीं उघडली, तर गाणारें माणूस कोण हें कोण सांगणार? म्हणून प्रत्येक फाईलीस गाणाऱ्याचें नांव, गाण्याचा प्रकार, गांव व तारीख द्या. वर्षांतून एकदां प्रत्येक प्रतींतील कांहीं गाणीं वाजवून पाहा. न वाजणारी प्रत ही प्रत नव्हे. आणि येत्या सुट्टींत आजी-आजोबांजवळ बसा. दुकानांतील पेटी पुढल्या वर्षींहि मिळेल. ओवी म्हणणारी आजी मिळेलच असें नाहीं. आधीं आवाज टिपा, त्याच दिवशीं त्याची दुसरी प्रत करा, आणि मग पेटीचा विचार वडिलांपुढें मांडा.