काचपट्टीची फेरतपासणी हवीच

सीबीनॅट, ट्रूनॅट ही क्षयनिदानाची यंत्रे आल्याने थुंकीच्या काचपट्ट्यांची फेरतपासणी निव्वळ सोपस्कार उरली, हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. ही यंत्रे मेलेल्या जंतूंचाही डीएनए टिपतात. म्हणून औषध लागू पडते का, हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतोच.

तिथे चूक दोन्ही बाजूंनी होते. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत. ‘निगेटिव्ह’ लिहिण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीची १०० क्षेत्रे पाहायची असतात. घाईत २०च पाहिली, तर रुग्ण संसर्ग घेऊन घरी परततो. उलट, न गाळलेल्या फुक्सिन या रंगद्रव्याचे कण जंतू समजले, तर धडधाकट माणसाला सहा महिने औषधे खावी लागतात.

म्हणूनच निवडक पट्ट्या मूळ निकाल झाकून दुसऱ्याकडून वाचून घेतात. तफावत आढळल्यास तिसरा निवाडा करतो. फेरतपासणी कागदावर उरत असेल, तर ती बंद करणे हा उपाय नव्हे. निष्कर्ष तंत्रज्ञापर्यंत वेळेत पोहोचवा आणि त्याच्यावर दिवसाला २५हून अधिक पट्ट्या लादू नका.

— एक वाचक, नागपूर