अंतर मोजले, क्षमता कोण मोजणार?

बेंगळुरूच्या उत्तरेचे हेब्बाळ एके काळी तळ्यासाठी आणि कृषी विद्यापीठासाठी ओळखले जाई. २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि बळ्ळारी रस्त्यावरचे हे उपनगर महानगराचे प्रवेशद्वार बनले. जवळच्या मान्यता टेक पार्कमध्ये नोकरीला आलेले पुण्या-नागपूरचे अभियंते, बदलीवर आलेले केंद्र सरकारचे अधिकारी आणि या सर्वांसाठी इमारती उभारणारे मजूर असे सारेच येथे परगावचे. घर लागले की प्रत्येकाला भेडसावणारा पुढचा प्रश्न मुलाच्या शाळेचा असतो. मूल चारचौघांसारखे असेल तर तो बहुतांशी पैशाचा प्रश्न ठरतो. मूल स्वमग्न, कर्णबधिर किंवा बौद्धिकदृष्ट्या अक्षम असेल, तर पैसा असलेल्यांनाही तो सहज सुटत नाही. ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांना तो विचारण्याचीही सोय राहत नाही.

कायद्याने ही सोय केली होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि शासनाने त्यांचा खर्च भरून द्यायचा. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश थेट वंचित घटकात झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. पुढे कर्नाटकात दरवर्षी लाखाहून अधिक जागा या मार्गाने उपलब्ध होऊ लागल्या. मात्र २०१९ च्या प्रारंभी कर्नाटक सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला ही सक्ती राहिली नाही. मे २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. जागांची संख्या लाखांवरून काही हजारांवर आली. हेब्बाळसारख्या दाट वस्तीत किलोमीटरभराच्या आत सरकारी शाळा नाही, असे ठिकाण सापडणे कठीण. म्हणजे तेथे तरतूद कागदावर राहिली आणि दार मिटले.

महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी जवळजवळ हाच नियम उचलला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हस्तक्षेप केला नाही. कायदा केंद्राचा, तरतूद एकच, पण दोन राज्यांत निष्पत्ती दोन टोकांची. सोलापूरहून विजापूरमार्गे बेंगळुरूला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचा अधिकार वाटेत कोठे गळून पडला, याचे उत्तर त्या कुटुंबाला कोण देणार?

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. सरकारी शाळा ओस पडत असताना सरकारी तिजोरीतून खासगी शाळांची फी भरावी, हा व्यवहार उफराटा आहे, हे खरेच. परंतु या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. शाळा जवळ आहे म्हणजे शिक्षण उपलब्ध आहे, हे ते गृहीत. चालत्या-बोलत्या मुलाच्या बाबतीत ते एकवेळ चालून जाईल. ज्या मुलाला खुणांची भाषा लागते, ज्याला गोंगाट सहन होत नाही किंवा जे स्वतःहून स्वच्छतागृहात जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी शाळेचे अंतर हे परिमाणच चुकीचे आहे. नियमाने किलोमीटर मोजले. त्या शाळेत विशेष शिक्षक आहे काय, हे मोजले नाही.

विशेष शिक्षकांचे प्रमाण काय असावे, हे आता गुलदस्त्यात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण घालून दिले. तरीही मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना मंजूर पदे ठरवा आणि भरती करा, असे पुन्हा बजावावे लागले. मधल्या काळात अनेक ठिकाणी भार राहिला तो तालुक्याच्या पातळीवर नेमलेल्या आणि शाळोशाळी फिरणाऱ्या शिक्षकांवर. आठवड्यातून एकदा येणारा शिक्षक ही भेट असते, शिक्षण नव्हे.

खासगी शाळेची सक्ती कायम ठेवली की प्रश्न संपतो, असेही नाही. अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने सरकारी पैशावर, पण स्वायत्त व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या चार्टर शाळांचा कायदा केला. जून २०१२ मध्ये तेथील काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने दाखवून दिले की, २००९-१० मध्ये पारंपरिक सरकारी शाळांत अपंग विद्यार्थी सुमारे ११ टक्के होते, तर चार्टर शाळांत सुमारे ८ टक्के. यामागे पालकांची निवडही असू शकते, हे मान्य करावे लागेल. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बहुतेक सर्व शाळा चार्टर झाल्या आणि अपंग मुलांच्या पालकांसाठी सरकारी शाळेचा पर्यायच उरला नाही. २०१० मध्ये त्यांच्या वतीने खटला भरला गेला आणि २०१५ मध्ये स्वतंत्र देखरेखीच्या अटीवर तडजोड झाली. दरम्यान त्या शहराने बहुतेक शाळांसाठी एकच प्रवेश अर्ज ठेवला आणि मुलाला शाळेतून काढण्याची सुनावणी शाळेकडून काढून मध्यवर्ती यंत्रणेकडे दिली. स्वायत्तता राहिली, मुलाला नाकारण्याची मोकळीक तेवढी आवळली गेली.

हा अनुभव आपल्यापासून दूरचा नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था चालवतात, २०२३ मध्ये महाराष्ट्राने शाळा दत्तक देण्याची योजना आणली. सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन यांची सांगड जेथे जेथे घातली जाईल, तेथे एकच प्रश्न विचारावा लागेल : अवघड मुलाला ठेवून घेण्यात शाळेचा फायदा आहे की तोटा?

आजच्या हिशेबाने तो निखळ तोटा आहे. २५ टक्के जागांची भरपाई दर मुलामागे ठरते. कर्नाटकात ती आरंभीच्या वर्षांत पहिलीसाठी ११,८४८ रुपये होती, महाराष्ट्राने १७,६७० रुपयांचा दर ठेवला. हे दर ठरवताना मुलाच्या गरजेचा विचारच झालेला नाही. जे मूल शिक्षकाच्या एका नजरेने समजून घेते आणि ज्याच्याजवळ दिवसभर एक माणूस बसावा लागतो, त्या दोघांचे मोल सारखेच. अशा हिशेबात सज्जन संस्थाचालकही पहिल्या मुलाकडे वळला, तर नवल ते काय?

प्रवेशासाठी चाळणी लावण्यास आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी मुलाला काढून टाकण्यास शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. पण काढून टाकण्याची गरजच पडत नाही. ‘तुमच्या मुलाची येथे प्रगती होणार नाही, त्याच्याच भल्यासाठी दुसरी शाळा पाहा,’ असे चार-सहा वेळा ऐकल्यावर पालक आपण होऊन दाखल्याचा अर्ज करतात. दप्तरी नोंद होते ती ‘पालकांच्या इच्छेने’. मग धाव उरते ती बेंगळुरूत १९५९ पासून काम करणाऱ्या असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटीसारख्या स्वयंसेवी संस्थांकडे. त्यांचे काम मोठे आहे, परंतु संस्थेच्या सेवाभावावर राज्याने आपली जबाबदारी सोडून मोकळे व्हावे, हे घटनेला अभिप्रेत नाही.

बाहेरून आलेल्या मराठी कुटुंबांसमोर आणखी दोन पेच उभे राहतात. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातील जातीचा दाखला कर्नाटकात सवलतींसाठी चालत नाही. अपंगत्वाचे एकात्मिक ओळखपत्र मात्र देशभर ग्राह्य आहे. म्हणजे स्थलांतरित मुलाला राज्याची सीमा ओलांडून सोबत नेता येणारा हा एक तरी आधार आहे. तोच कर्नाटकच्या नियमाने निरुपयोगी केला. दुसरा पेच भाषेचा. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वर्गात इंग्रजी. बोलण्यातच अडचण असलेल्या मुलावर हे ओझे तिप्पट होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. बदलीवर जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ती माहीत करून घ्यावी आणि शाळेकडे लेखी मागावी.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. खासगी शाळेला सक्तीतून सूट द्यायचीच असेल, तर जवळच्या सरकारी शाळेत न्यायालयाने ठरवलेल्या प्रमाणात विशेष शिक्षक असल्याची खातरजमा आधी व्हावी. भरपाई गरजेनुसार वाढती असावी आणि ती मुलाबरोबर शाळा बदलावी. विशेष गरजांचे मूल दाखला मागते तेव्हा त्याची चौकशी शाळेबाहेरच्या अधिकाऱ्याने करावी आणि शाळावार आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. नियम दुरुस्त करण्याची इच्छा आणि अंदाजपत्रकात वेगळी तरतूद एवढे पुरेसे आहे. शाळा सरकारी की खासगी, हा वाद चालू राहीलच. परंतु ज्या मुलाला शिकवणे सर्वांत कठीण, त्याला ठेवून घेणाऱ्या शाळेला जोवर दंड आणि टाळणाऱ्या शाळेला बक्षीस मिळत आहे, तोवर या वादात कोणीही जिंको, हरणार ते मूलच.