जातं कुठं गेलं?

कानोसा : कानसेन

वायरलेस माइकच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मी वाचायचं सोडून दिलं आहे. २०० मीटर, २५० मीटर, हल्ली ४००सुद्धा. आकडा खोटा नसतो. मोकळ्या माळावर, मध्ये काही आडवं नसताना दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी राहिली, तर आवाज तेवढा पोचतोही. पण ४०० मीटरवरच्या माणसाशी गप्पा कोण मारतं? आपल्याकडे त्याला लांबून हात करतात आणि तो जवळ आला की बोलतात.

हा विषय आज काढायचं कारण तुमची पत्रं. कुणाला आजोबांच्या आठवणी टिपून ठेवायच्या आहेत, कुणी गावच्या कीर्तनांचं चॅनेल काढलंय, कुणी मास्तर धडे मुद्रित करतायत. 'कुठला घेऊ?' असं विचारतात खरं, पण पुढच्याच ओळीत 'रेंज अमुक आहे म्हणे' हेही लिहिलेलं असतं. म्हणजे उत्तर मनाशी ठरलेलं आहे, माझा फक्त शिक्का हवाय. तो मी देणार नाही.

काही वर्षांपूर्वी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवे घाट चढत होतो. एका वारकरीबुवांच्या छातीवर काडेपेटीएवढा ट्रान्समीटर, माझ्या कॅमेऱ्यावर रिसीव्हर. सकाळी हडपसरला आवाज स्वच्छ येत होता. घाट सुरू झाला, गर्दी दाटली, मी रेटारेटीत दहा-पंधरा पावलं मागे पडलो आणि कानात 'माउली'तला 'मा' आला तर 'उली' येईना. बुवा आयुष्यभराच्या वाऱ्यांचा हिशेब सांगत होते आणि माझ्याकडे त्याचा चुरा जमा होत होता. त्या दिवशी मी हजारो मोबाइलांवर खापर फोडलं. तेही थोडं खरंच आहे. हे छोटे माइक ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तो भारतात २००५ पासून विनापरवाना मोकळा आहे, आणि त्याच गल्लीत वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही राहतो. पण माझा खरा अपराधी वेगळाच होता : बुवांची पाठ. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. माणूस म्हणजे चालतंबोलतं पाण्याचं पिंप, आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं. छातीवरचा ट्रान्समीटर पुढे, मी मागे, मध्ये बुवा स्वतः आणि त्यांच्यामागे आणखी दहा पिंपं. खोलीत असतो तर भिंतींवर आपटून तरी थोडं काही परत आलं असतं. उघड्यावर तीही सोय नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट आधी विचारतो. माणसाच्या अंगावर जो डबा आहे, तो आवाज नुसता पुढे धाडतो की स्वतःजवळही ठेवून घेतो? हवेतून जाणारा आवाज तुटला तरी छातीवरच्या डब्यात तो अखंड असायला हवा. रोड (Rode) कंपनीच्या पहिल्या 'वायरलेस गो'मध्ये २०१९ साली ही सोय नव्हती, २०२१च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. डीजेआयच्या मूळ माइकमध्येही ती आहे, १४ तासांचं बोलणं डब्यातच राहतं. आणि गंमत बघा, त्याच कंपनीचा २०२४च्या अखेरीस आलेला 'मिनी' खोक्यावर तेव्हाच्या थोरल्या भावांपेक्षा जास्त, म्हणजे ४०० मीटर मिरवतो, पण त्याला ही आतली वही नाही. आकडा पाहून घेणारा माणूस नेमका तोच उचलणार. 'मिनी' वाईट नाही. तो हलका आहे, स्वस्त आहे, घरात चालेल. वारीत नेऊ नका, एवढंच.

आतली वही असली तरी ती उघडावी लागते. काही संचांत हे मुद्रण आपोआप सुरू होतं, काहींत बटण दाबावं लागतं. ते दाबायला मी दोनदा विसरलो आहे, म्हणून आता कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लाल दोरा बांधून ठेवतो.

मग सिनेमावाले, बातमीवाले हे सोडून जाड अँटेनाचे यूएचएफ संच का वापरतात? कारण त्यांची लहर अर्ध्या मीटरच्या आसपास असते, ती माणसाला वळसा घालून जाते. शिवाय तिथे आपण आपली मोकळी फ्रिक्वेन्सी शोधून तिच्यावर बसतो, गर्दीत ढकलाढकली करत नाही. बहुतेक संचांत साधे पेन्सिल सेल चालतात, तेही मला मोलाचं वाटतं. छोट्या डब्यांतली पक्की बसवलेली बॅटरी तीन-चार वर्षांनी दमली की अख्खा डबा म्हातारा होतो. पण यूएचएफ कित्येक पटींनी महाग, म्हणून लोक जुना घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत जातात. जा, पण डब्यामागची फ्रिक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे काढू नका. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा माइकांना २०१० मध्ये बंद झाला आणि ६००चा बराचसा भाग २०२० मध्ये. आपल्याकडे ७००च्या पट्ट्यातला हिस्सा २०२२च्या लिलावात जिओने घेतला. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ या आकड्यांत बसणारा संच कितीही चकचकीत असला, कितीही स्वस्त मिळत असला, तरी तो टॉवरच्या अंगणात पाट मांडून बसणार आहे. वर्षानुवर्षं गुमान चाललेला जुना माइक अलीकडे खरखरायला लागला असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी हे बघा.

आता जे सांगणार आहे त्याने विक्रेते माझ्यावर रागावतील. पत्र लिहिणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिकांना वायरलेसची गरजच नाही. आजोबा खुर्चीत बसून बोलणार आहेत. उठून पळणार नाहीत. हजार रुपयांच्या आत-बाहेर सहा मीटर वायरचा कॉलर माइक मिळतो, तो मोबाइलला जोडा, झालं. आवाज सुधारतो तो माइक तोंडाजवळ आल्याने. वायर काढल्याने नव्हे. कॅमेऱ्यावरचा माइक दोन मीटरवर आणि कॉलरवरचा वीतभर अंतरावर, म्हणजे अंतर दहापट कमी झालं आणि आवाज २० डेसिबलनी वर आला. पंखा आणि रस्ता होते तिथेच राहिले. ही सगळी कमाई वीतभर अंतराची आहे. वायर तोडण्याचे पैसे चालणाऱ्या, नाचणाऱ्या, शेतात काम करणाऱ्या माणसासाठी द्यावेत. आणि कानात घालायचे ब्लूटूथ बड्स माइक म्हणून वापरू नका. फोन त्यांना 'कॉल आलाय' असं समजून वागवतो आणि आवाजही फोनवरच्यासारखाच मिळतो.

एक क्षुल्लक गोष्ट, जिच्यावर सर्वांत जास्त आसवं गाळली जातात. माइकच्या पिनेवर काळ्या रेघा असतात. दोन रेघांची पिन कॅमेऱ्याची, तीन रेघांची मोबाइलची. चुकीची लावली तर मोबाइल तक्रार करत नाही, गुपचूप स्वतःच्या माइकवर मुद्रण करत बसतो, आणि तासाभराने घरी येऊन ऐकाल तेव्हा आजोबा विहिरीतून बोलत असतात. म्हणून सुरुवातीला माइकवर नखाने टिचकी मारायची आणि ती वायरच्या हेडफोनमध्ये टणकन ऐकू येते का बघायचं.

हे सगळे माइक ज्यांनी घडवले, त्यांच्यासमोर शर्ट घातलेला माणूस बसलेला होता. क्लिपला बटणपट्टी हवी असते. आपल्याकडे समोर बसते ती नऊवारीतली आजी. पदराला माइक लावला तर पदर सरकतो, त्याखाली लावला तर कापडावर कापड घासतं, आणि गळ्यात मंगळसूत्र, बोरमाळ असेल तर प्रत्येक श्वासाला टिकटिक. काडेपेटीएवढा अख्खा डबाच छातीवर लटकवला तर जुनं मऊ लुगडं त्याच्या वजनाने ओघळतं. मी डब्याला पातळ वायरचा छोटा माइक जोडतो आणि डबा आजीच्या कनवटीला जातो. तिथे आयुष्यभर पैसे सुरक्षित राहिले, ट्रान्समीटरही राहतो. माइक कुठे आणि कसा खोचायचा हे मी सुनेला नाहीतर नातीला दाखवतो, लावतात त्याच. वायरचा एक छोटा वेढा करून चिकटपट्टीने धरला, की ओढाताणीचा आवाज माइकपर्यंत चढत नाही. चुंबकाची क्लिप असेल तर आधी विचारून घ्यावं. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला चुंबक लावायचा नाही.

पुरुषांचं सोपं. गांधीटोपी ही माइकसाठीच घडवली असावी असं मला कधीकधी वाटतं. टोपीच्या पुढच्या काठाला आतून माइक लावला, की मान कुठेही वळो, तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर बदलत नाही. नाटकवाले केसांत माइक लपवतात तो याच कारणाने. कीर्तनकारांना तर छातीवर माइक लावूच नये, तिथे उपरणं आहे, वीणा आहे, आणि रंगात आल्यावर बुवा छातीवर हात मारून घेतात तो वेगळाच. माळावर मात्र टोपीसुद्धा वाऱ्याला शरण जाते, माइकला केसाळ टोपरं लागतंच. धनगरांच्या भटकंतीवरच्या 'ख्वाडा'ला लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा मला सगळ्यांत आधी तो उघड्या रानातला वारा आठवला.

राहता राहिलं ते एक बटण. हल्लीच्या बऱ्याच संचांवर 'नॉइज रिडक्शन' असतं. त्याच्या जोडीला ३२ बिट फ्लोट नावाचं नवं कौतुक. दुसऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. लेव्हल चुकली, कुणी अचानक ओरडलं, तरी आवाज फाटत नाही, नंतर खाली ओढून घेता येतो. फक्त ही करामत डब्यातल्या मुद्रणापुरती असते, तिथून कॅमेऱ्यात गेलेला आवाज कॅमेऱ्याच्याच मापाने फाटतो. खोलीचा घुमारा किंवा शेजारचा मिक्सर यांवर त्याच्याकडे इलाज नाही. पहिल्या बटणाशी मात्र माझं वैर आहे, आणि त्याला मुळशीतली एक आजी कारण आहे.

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यांतल्या कितीतरी मुळशी-मावळच्या. अनेकींच्या आवाजातलं १९९०च्या दशकातलं मुद्रण आज 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतं. ते ऐकून ऐकून मलाही वाटलं, जातं अजून फिरतंय तोवर आपणही एखादी आजी गाठावी. गाठली. घरात अंधार, वर पंखा. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला आणि माझ्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायचं विसरणार नाही. (ही युक्ती ध्वनिमुद्रणवाल्यांत जुनी आहे.) माइक कनवटीच्या पद्धतीने लावला. बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, तो बंद करा म्हणायचा मला काय अधिकार? म्हणून ते बटण दाबलं. पंप नाहीसा झाला. मी खूश.

आजी पाऊण तास गायली. दळता दळता डोलत होती, पण माइक अंगावर असल्याने आवाज कुठे दूर गेला नाही की जवळ आला नाही. थांबल्यावर म्हणाली, "दाव की रं बाबा, काय घातलंस त्यात." हेडफोन तिच्या कानावर लावला. थोडा वेळ ऐकलं, मान हलवली, आणि मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत म्हणाली,

"आन् जातं कुठं गेलं?"

गेलंच होतं. त्या बटणाची अक्कल एवढीच की, सतत एकसारखा येतो तो आवाज म्हणजे कचरा. पंप एकसारखा, पंखा एकसारखा आणि जात्याची घरघरही एकसारखी. त्याने पंपाबरोबर जातंही पुसून टाकलं होतं. उरला होता एका म्हातारीचा आवाज, अधूनमधून बांगड्या, आणि ओवीच्या ओळींमध्ये विनाकारण वाटणारी थांबणी. ती थांबणी जात्याच्या फेऱ्याची होती, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. डब्यात ठेवलेलं मुद्रणही तसंच, कारण त्या संचात बटण आधी लागू होतं आणि वही नंतर भरते. तानपुऱ्याची आस, देवळातल्या घंटेची रेंगाळ, पावसाची झड यांचंही हे बटण असंच करतं, हे मी नंतर घरी करून पाहिलं.

बटण बंद केलं. वायरलेस काढून पिशवीत घातला. हातातला साधा रेकॉर्डर नाचणीच्या पोत्यावर, जात्यापासून दीड हातावर, आजीच्या तोंडाकडे वळवून ठेवला. पंप चालूच होता. म्हटलं, आजी, पुन्हा म्हणाल का?

"म्हनते की. पर दळान सरलं ना," आजी म्हणाली. "नुसतं कसं येईल?"

मी गप्प बसलो. सून पुढे आली, पोत्यावरचा रेकॉर्डर उचलून माझ्या हातात दिला, पोतं सोडलं आणि सूपभर नाचणी काढून जात्याशी ठेवली.