आधी दुसरी कादंबरी

रहस्यकादंबरी लिहून झाली, पुस्तक स्वतःच काढायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे तरुण लेखक अलीकडे बरेच भेटतात. मी त्यांना एवढंच विचारतो, की दुसरी कादंबरी कुठवर आली? बहुतेकांनी तिचा विचारच केलेला नसतो. तो करून निदान कच्चा खर्डा हातात येईपर्यंत पहिलीही छापू नये, असं माझं ठाम मत आहे.

रहस्य-भयकथांचा वाचक नायकाच्या ओढीने येतो. बाबुराव अर्णाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, पण वाचनालयात लोक मागायचे तो नवा झुंजार, नाहीतर नवा काळापहाड. नारायण धारपांचे समर्थ, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास असेच एका पुस्तकातून दुसऱ्यात येत राहिले. एक संपलं की पुढचं हाताशी असायचं, म्हणून वाचकाला चटक लागली. ती चटक जोपासायला गल्लोगल्ली भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या. त्यातल्या बहुतेक आता बंद पडल्या. तेव्हा स्वयंप्रकाशित लेखकाला आपलं कपाट आपणच भरायचं आहे, आणि ते एका पुस्तकाने भरत नाही. तिसरा भाग आला की पहिल्या दोन भागांनाही नवं गिऱ्हाईक मिळतं. एकट्या पुस्तकाला ही सोय नसते.

घडतं मात्र उलटं. साठवलेला सगळा पैसा पहिल्याच पुस्तकाच्या ‘पॅकेज’मध्ये जातो. छपाई, मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रकाशन समारंभ, सगळं एकाच रकमेत. त्यात आयएसबीएनचे वेगळे पैसे लावलेले दिसले की मला संताप येतो. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा फुकट देते, आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. कॉपीराइटचंही तेच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलेल्यावर लेखकाचा हक्क आपोआप येतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.

छापील प्रतींची घाई नसेल तर ई-बुकपासून सुरुवात करावी. किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीस आली. तिथे रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर तिथल्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, म्हणजे ९०-९० दिवसांच्या मुदतीत ती कादंबरी ई-स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. ‘प्रतिलिपी’ या कथांच्या संकेतस्थळावर तिचे भाग टाकून बसलेल्यांनी ही अट आधी वाचावी. मला विचाराल तर त्याच नायकाच्या छोट्या कथा प्रतिलिपीवर द्याव्यात आणि कादंबरी किंडलवर.

वाचलेला पैसा संपादकाला द्या, आणि तिथे घासाघीस करू नका. मराठीत प्रूफं तपासणारे मिळतात, त्यांचं काम मोलाचंच आहे. पण चाळिसाव्या पानावर डावखुरा असलेला खुनी दोनशेव्या पानावर उजव्या हाताने गोळी झाडतो, हे शोधणं त्यांच्याकडून अपेक्षित नसतं. त्यासाठी कोण, कुठे, किती वाजता होता याचा तक्ता मांडून वाचणारा माणूस लागतो. रहस्यकथेचा वाचक एवढी एक चूक सापडली तरी पुढचं पुस्तक घेत नाही. अँडी वीअर या अमेरिकी लेखकाने ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने दिली, वाचकांनी विज्ञानातल्या चुका दाखवल्या, त्या त्याने सुधारल्या, आणि मगच ती किंडलवर ठेवली. आपल्याकडे निवडक दहा-बारा चोखंदळ वाचकांना खर्डा देऊन हे सहज करता येईल.

आणि छापायची वेळ आलीच, तर प्रकाशक म्हणून नाव तुमचं असतं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवणं ही मग तुमचीच जबाबदारी. पॅकेजवाले हे सहसा सांगत नाहीत. पहिल्या छपाईतल्या तेवढ्या प्रती आधीच बाजूला काढून ठेवा.