बोट बांधायची, पण कुठं?

मंडळी, विषय वाचून काही जण हसतील. हसा. बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण खडकपूर्णेचा संत चोखासागर आहे, नळगंगा आहे, पेनटाकळी आहे, आणि तिकडं पूर्णेवर जिगावचं काम चालूच आहे. म्हणजे पाणी आहे. या पाण्यावर आपली माणसं कशावर बसून जातात ते एकदा पहाटे जाऊन बघा. पोत्यात भरलेला थर्माकोल, ट्रॅक्टरची ट्यूब, फार तर जुना डोंगा. त्यावर एक माणूस, एक जाळं आणि बाकी देवाची मर्जी.

माझ्या ओळखीतला एक फॅब्रिकेशनवाला आहे. आयुष्यभर ट्रॉल्या बनवल्या. त्याच्या डोक्यात आलं की सपाट तळाची, तीस फुटी, लोखंडी पत्र्याची बोट स्वतः बांधायची. धरणावरच्या भोई मंडळींची जाळी, बर्फाच्या पेट्या आणि सात-आठ माणसं एका खेपेत जातील अशी. पत्र्याचा हिशोब झाला, वेल्डिंग तर घरचंच. लोकांनी विचारलं, "काऊन रे भाऊ, नाल्यात चालवतं काय?" ते त्यानं ऐकून घेतलं. अडला तो जागेवर.

जागा म्हणजे किती लागते बघा. तीस फुटी बोटीला निदान चाळीस बाय वीसचं शेड पाहिजे, कारण चारही बाजूंनी फिरून काम करावं लागतं. उंची बारा-पंधरा फूट. वर पत्रं हवीच. मे महिन्यात उघड्यावर लोखंडाला हात लावता येत नाही, पावसात ओल्या पत्र्यावरचं वेल्डिंग धड होत नाही, आणि फायबरची बोट असेल तर उन्हात रेझिन ब्रश फिरवायच्या आत आवळतं. थ्री-फेज लाईट पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेट. बोट शेडात जाते सुट्या पत्र्यांनी आणि बाहेर निघते अख्खी. दारातून न निघणारी बोट बांधणारे महाभाग जगभर सापडतात.

त्यात स्वतः बोट बांधणारा माणूस धंदा सांभाळून काम करतो. रविवार, सणाची सुट्टी, रात्रीचे दोन तास. दोन-तीन वर्षं सहज जातात. महिना आठ हजार भाडं धरा, तीन वर्षांचे झाले 2 लाख 88 हजार. एवढ्यात पत्र्याचा बराचसा खर्च निघाला असता. खामगाव-मलकापूरकडं बंद पडलेल्या जिनिंगची शेडं आहेत, अगदी गोदीसारखी. पण कुठं वारसांचा वाद, कुठं कोर्ट, आणि जिथं काहीच नाही तिथं मालकाला प्लॉट पाडायचे असतात. एमआयडीसीत प्लॉट घ्यायचा तर उद्योग दाखवा. एका बोटीला उद्योग कोण म्हणणार?

समजा गावात शेड मिळालं. मग रस्ता. रस्त्यावरच्या गाडीची रुंदी नियमाने 2.6 मीटर, म्हणजे साडेआठ फूट. तीस फुटी बोट दहा फुटांच्या आसपास रुंद होते. म्हणजे परवानगी काढा, वायरी उचला, गावातलं वळण मोजा. त्यापेक्षा पाण्याजवळच बांधावी, हे शहाणपण जुनं आहे.

दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी 'म्हादेई' कुठल्या सरकारी गोदीत झाली नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या छोट्या यार्डात झाली. पुढं नौदलाच्या सहा महिला अधिकारी ज्या 'तारिणी'वरून 2017-18 मध्ये जगाला वळसा घालून आल्या, तीही तिथलीच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 32 फुटी 'सुहैली' आपल्या मुंबईत सागवानातून हातानं घडली आणि 1969 मध्ये 312 दिवस कुठंही न थांबता जगप्रदक्षिणा पुरी करून आली. या सगळ्या बोटींना आधी पाण्याकाठी एक निवांत कोपरा मिळाला होता.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं तसा कोपरा आहे, धरणाच्या पायथ्याशी. धरण बांधताना पाटबंधारे खात्यानं वसाहती उभारल्या. क्वार्टर, गोदामं, यंत्रं दुरुस्त करायची शेडं. मोठाली डंपर आत-बाहेर जायची, तेव्हा गेट आणि रस्ता आपोआपच रुंद. धरण झालं, माणसं बदलून गेली. अशा वसाहती मी पाहिल्यात. खिडक्यांचे गज गेलेत, दारात बाभळी. पाणी अर्ध्या किलोमीटरवर.

हेच खातं पाणी ओसरल्यावर गाळपेर जमीन कसायला देतं, मासेमारीचा ठेका दिला जातो. मग पडीक शेडाचा एक भाग बोट बांधायला नाममात्र भाड्यानं द्यायला काय हरकत? करार तीन वर्षांचा, अनामत आधी, लाईटचं मीटर बांधणाऱ्याच्या नावावर, मुदत संपली की बोट पाण्यात आणि शेड रिकामं. पहिला हक्क मच्छीमार संस्थांचा आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांचा.

आक्षेप मला ठाऊक आहेत. एक, कार्यकर्ते घुसतील आणि शेड बळकावतील. खरं आहे, म्हणून अनामत मोठी ठेवा आणि करार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दोन, रंग आणि रेझिन पिण्याच्या पाण्यात जाईल. हा आक्षेप जास्त वजनदार आहे. जिथून गावाला पाणी जातं तिथं परवानगी फक्त भिंतीखालच्या बाजूच्या शेडाला द्यावी, आणि रंगकाम शेडातच.

हा छंदाचा प्रश्न वाटत असेल तर आठवा. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. मे 2024 मध्ये उजनीत वादळात बोट उलटली, 6 गेले. दर वेळी चार दिवस चौकशीच्या बातम्या आम्हीच छापतो. इंजिनाच्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं तपासणी आणि नोंदणी लागते. पण एखाद्याच्या परसात, ताडपत्रीखाली, घाईत जोडलेली बोट कोण आणि कधी तपासणार? ठरलेल्या जागी बोट बांधली जात असेल तर तपासणाऱ्याला जोड उघडे असतानाच बघता येतात.

एका धरणापासून सुरुवात करू. तुमच्या गावाजवळच्या प्रकल्पावर असं रिकामं शेड असेल तर मला कळवा. धरणाचं नाव, शेडाची अंदाजे लांबी-रुंदी, गेट किती फुटी, लाईट आहे का, पाण्यापर्यंत ट्रॅक्टर जातो का. फोटोही पाठवा. यादी झाली की निवेदन घेऊन कार्यकारी अभियंत्यांकडं जाऊ, आणि ते काय म्हणाले ते इथंच लिहीन.