विवाह संस्कार, मध्यस्थी व्यवहार

भीमाकाठच्या मांडवगण फराट्यासारख्या गावात सोयरीक जमली की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसतात आणि याद्या होतात. मानपान कोणाचा, दागिने किती, जेवणावळीचा खर्च कोणाकडे, हे सारे कागदावर उतरते. त्या कागदाला हळद-कुंकू लागते. शिरूर-दौंडच्या पट्ट्यातच नव्हे, तर उभ्या महाराष्ट्रात ही रीत रुजलेली आहे. यादी लिहिल्याने नात्यातील गोडवा उणावला, असे कोणी म्हणत नाही.

त्याआधीची पायरी, म्हणजे स्थळ शोधण्याची, मात्र अजूनही बहुधा तोंडी बोलीवरच चालते. एकेकाळी हे काम मामा, आत्या किंवा गावचे भटजी करीत आणि त्याचे मोल कोणी मागत नसे. आज तेथे वधू-वर सूचक केंद्रे आणि दलाल आले आहेत. शहरांत तर तरुणांना भेटीगाठींचे धडे देणारे ‘डेटिंग कोच’ही दुकान थाटून बसले आहेत. पैसे आगाऊ घेतले जातात, बदल्यात काय मिळणार हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

या व्यवसायाला बळ कोठून मिळाले? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा अनेकांना हसू आले. वास्तविक ते समाजाने गर्भातच केलेल्या पातकाचे फळ होते. शेतकऱ्याच्या तिशी ओलांडलेल्या मुलाचा बाप अगतिक होतो आणि ‘मुलगी नक्की मिळवून देतो’ या शब्दावर उसाचे बिल दलालाच्या हाती ठेवतो. लग्नानंतर चार दिवसांत दागिन्यांसह नाहीशा झालेल्या ‘नवरी’च्या बातम्या याच अगतिकतेतून जन्मतात.

‘विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे; मग कागद कशाला?’ असा आक्षेप घेतला जाईल. पण संस्कार होतो तो वधू-वरांचा आणि दोन कुळांचा. दलाल जे करतो तो निव्वळ व्यवहार, आणि व्यवहाराला कागद हवाच.

कायद्याने ही रेषा केव्हाच आखली आहे. विवाह घडवून देण्याच्या मोबदल्याचा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ अन्वये सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून निरर्थक ठरतो. मुलीची संमती हा विक्रीचा माल नव्हे, हेच त्यामागचे तत्त्व. स्थळांची माहिती देणे, पडताळणी करणे, भेट घडवणे या मात्र सेवा आहेत आणि त्यांना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. बेंगळुरूच्या ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये ४५ दिवसांत स्थळे दाखवण्याचे आश्वासन न पाळणाऱ्या केंद्राला ३० हजार रुपयांचे शुल्क परत करण्यास फर्मावले. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडील तक्रारीला शुल्कही पडत नाही. पण तेथे जाणाऱ्याच्या हाती पावती आणि करारपत्र तर हवे!

या कागदात फार काही नको. केंद्र किती स्थळे, किती मुदतीत दाखवील. वय, शिक्षण, शेती आणि पूर्वीचा विवाह यांची पडताळणी कोण करील. शुल्क किती आणि ते कोणत्या परिस्थितीत परत मिळेल. मुलीचे छायाचित्र व पत्रिका संमतीवाचून अन्यत्र जाणार नाहीत. आणि विवाह जमेलच अशी हमी दिलेली नाही, एवढे स्वच्छ मराठीत लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. प्रामाणिक केंद्रचालकाचेही यात हितच आहे. कारण न दिलेल्या हमीचा जाब त्याला कोणी विचारू शकणार नाही. जो सही करण्यास कचरतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी असा एकपानी नमुना वकिलाकडून तयार करून घेतला आणि तो घरोघर पोहोचवला, तर अनेक कुटुंबे नागवली जाण्यापासून वाचतील. मांडवातल्या ताटांचा हिशेब लिहिणाऱ्या समाजाला मुलाबाळांच्या आयुष्याशी निगडित व्यवहार लिहून घेणे जड जाऊ नये.