भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

आमच्या भंडारा जिल्ह्यात जुन्या घराच्या कोठ्यात डोकावलं, की एखादी काळी सायकल भिंतीला टेकलेली दिसते. ॲटलस, हर्क्युलस, क्वचित सेन-रॅले. वर्षानुवर्षं पावसाळ्याची ओल खाऊन तिचे पायडल जाम, सीट जाम. मग ती किलोच्या भावानं जाते. माझी कळकळीची विनंती आहे, देऊ नका. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच बंद पडला. सेन-रॅले तर केव्हाच इतिहासजमा झाली. गंज बहुधा सांध्यांत असतो, आतलं लोखंड अजून दणकट असतं.

पहिल्या दिवशी हातोडा उचलूच नका. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून प्रत्येक नट-बोल्टच्या फटीत सोडा. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. तेल मुरायला वेळ लागतो. तेल लावलेल्या जागी गॅसची शेगडी किंवा टॉर्च मात्र चुकूनही धरू नका.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती कॉटर पीन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) आसाला घट्ट धरणारी पाचर, काढताना. नट पूर्ण काढून थेट पिनेवर घाव घातला, की आटे चेपतात आणि पीन आतच अडकते. नट पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच सैल करा. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा करा. पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरलं पाहिजे. आधार नसेल तर सगळा मार आतल्या छर्‍यांवर बसतो. हातोडा आणि पीन यांच्यामध्ये पितळेचा जाड तुकडा धरा. पितळ मऊ, आट्यांना जपतं. आणि पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात तो मिळायला अडचण नसावी. मग एकच नेमका घाव. दहा हलके घाव पीन वाकवतात.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून कितीतरी क्रँक खराब होतात. पाना वरच्या बाजूला उभा ठेवून मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पायडल त्याच दिशेनं सुटतात.

हँडलचा वरचा बोल्ट दोन-तीन आटेच सैल करा, त्यावर लाकूड ठेवून ठोका. सीट वर ओढू नका. खालचा नट सैल करून डावी-उजवीकडे फिरवा.

सुट्टे भाग निघाले की पुढच्या चाकाचा चिमटा उजेडात निरखा. तडा दिसला तर ती सायकल चालवू नका. नाही दिसला, तर जुनी पीन खिशात घालून दुकानात जा, मापाची नवी घ्या.